दहापासून मोजायचं

"अहो, थांबा. एका पायात माझी चप्पल आहे."

आमचे हे उंबऱ्यापाशी थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "मग तुझी दुसरी कुठंय? जोडी फोडू नये."

म्हणजे यातही चूक माझीच. हा माणूस शिंपी न होता वकील झाला असता तर एक केस हरला नसता. मी खाली बसले, त्यांच्या पायातली माझी चप्पल काढली, त्यांची चढवली आणि कंबर धरून उठले. हल्ली मला झोपून उठल्यावरही दमल्यासारखंच वाटतं.

यांना घाई होती. दुकानासमोरच्या गुरुद्वाऱ्यात आज वैशाखी होती, आणि वैशाखीला निशाणाचा चोला बदलतात. आवारात जो उंच खांब आहे, त्याच्या टोकाला झेंडा आणि अंगाला बुंध्यापासून वरपर्यंत केशरी कापड असतं, उशीच्या अभ्र्यासारखं शिवलेलं. तो चोला. वर्षभर ऊनवारा खाऊन तो पार विटून जातो. पिकं निघाली, धान्य घरात आलं की या दिवशी खांब आडवा करतात, जुना चोला उतरवतात, खांबाला दुधापाण्यानं आंघोळ घालतात आणि नवा चोला चढवून पुन्हा उभा करतात.

आम्ही काही शीख नाही. पण यांनी तरुणपणी एकदा तो चोला शिवून दिला तो दिलाच. नंतर तिथं दुसऱ्या शिंप्याचं नाव कुणी काढलं नाही. सुरुवातीला यांनी तिथं पाठ सांगणाऱ्या ज्ञानीजींना विचारलं होतं, एवढा कसला हो हा सण? ज्ञानीजींनी सांगितलं, "शेतकरी वर्षाच्या मेहनतीतलं पहिलं धान्य इथं आणून ठेवतो. आणि याच दिवशी आमच्या गुरूंनी पंथाला त्याचा बाणा दिला. पीक नवं, वेष नवा."

"मला ना शेत ना शिवार," हे म्हणाले. "मी काय आणून ठेवू?"

"तुम्ही चोला आणता की."

तेव्हापासून वैशाखी जवळ आली की आमच्याकडे यांची कॉलर ताठ. माझ्या माहेरच्या लग्नांनासुद्धा हे कधी इतके वेळेवर तयार झाले नाहीत.

पण यंदा मला धास्ती होती. गेलं वर्षभर यांचं विसरणं वाढलंय. चष्मा, किल्ल्या विसरणं चालायचंच, ते मीही विसरते. हे मापं विसरतात. शाळेतल्या गुरुजींची पँट कंडक्टरच्या मापानं कापतात. मी काय करते, हे दुपारी आडवे झाले की बिघडलेला कपडा उसवते आणि पुन्हा शिवून हँगरला लावते. हातशिलाई मला लग्नाआधीपासून येते, मशीन यांनीच शिकवलं. गिऱ्हाइकाला कळत नाही, यांनाही कळत नाही, असं मी समजत होते. डोळे फुटायची वेळ आली, पण बाजारपेठेत कुणी 'शिंपी कामातून गेला' असं म्हटलेलं मला सोसलं नसतं.

त्यात यांची ती टेप. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी दुकानात चहा घेऊन गेले, यांनी माझ्याकडे बघता बघता कात्री चालवली आणि कापडाबरोबर टेपही कचकन दहावर कापली. अजून ते माझ्याच नावावर खपवतात. "तू आलीस आणि माझे दहा इंच गेले!" नवी टेप घेतील तर शपथ. तेव्हापासून दहापासून मोजायचं आणि कापडावर खूण करताना दहा जास्त धरायचे. तीस हवेत तर चाळीसवर खूण. ती टेप दिवसभर गळ्यात. जेवतानाही काढायची नाही, मग आमटीत बुडाली तरी चालेल.

चोला मात्र दुकानात शिवायचा नाही असा यांचा नेम. गुरुद्वाऱ्याच्या वरच्या खोलीत, हातपाय धुऊन, डोकं झाकून, तिथंच कापायचा आणि तिथंच शिवायचा. मी येते म्हटलं तर म्हणाले, "घरातल्या सगळ्या कामांत तू आहेस. हे एवढं माझं राहू दे." म्हणून हा एकच कपडा माझ्या नजरेखालून गेला नव्हता.

आवारात ही गर्दी. बायका रोट्या भाजत होत्या, आतून कीर्तनाचा आवाज येत होता. खांब लाकडी घोड्यांवर आडवा झाला. जुना चोला उतरला, खांब धुऊन पुसून झाला. यांनी नव्या चोल्याची घडी दोन्ही हातांवर घेऊन ज्ञानीजींच्या हवाली केली. पुढं एक ट्रकवाला, मागं त्याचा भाऊ, अशी माणसं ओळीनं उभी राहिली आणि टोकाकडून चोला सरकवायला लागली. टोकाला खांब बारीक, तिथून तो सरसर गेला. अर्ध्यावर आला आणि अडला.

"ओढा की!" कुणीतरी म्हणालं.

"ओढतोय. पुढं जाईना."

"जोर लावू नका, उसवेल," हे पुढं होऊन म्हणाले. त्यांनी कापडाखाली बोट घालून बघितलं. बोट जाईना. खांब बुंध्याकडे जाड होत जातो, आणि अर्धा खांब अजून उघडाच होता. मी लांबूनच ओळखलं. घेराला तीस हवे होते, यांनी तीसवरच खूण केली. वरचे दहा धरलेच नाहीत.

माणसं भली. "कापड आटलं असेल," ट्रकवाला म्हणाला. "खांबच फुगला असेल, लोखंड उन्हानं फुगतं," त्याचा भाऊ म्हणाला. कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं.

मी पदर डोक्यावर ओढला आणि पुढं झाले. "ज्ञानीजी, चूक माझी आहे. यंदा कापड मी कापलं. यांना बरं नव्हतं."

सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. ज्ञानीजी मान डोलवणार, एवढ्यात हे बोलले.

"खोटं बोलतेय ती."

"अहो, गप्प बसा ना जरा."

"देवाच्या दारात गप्प कसा बसू? कापलं मी. दहा धरायचे राहिले." मग खांबाकडे बघत, हळू आवाजात, "माझ्या राहत नाही हल्ली लक्षात. दुकानातलंही बिघडतं. ही उसवून नीट करते. मी दुपारी जागाच असतो."

वर्षभर मी चोरासारखी उसवत होते आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून ऐकत होता! मला त्यांचा राग आला, आणि मायाही दाटली. यांच्या डोळ्यांकडे बघायचा धीर झाला नाही.

ज्ञानीजींनी दाढीवरून हात फिरवला. "निशाण कुठं पळून चाललंय का? बसा सगळे. कीर्तन चालू द्या. शिंपीदादा, आता काय करायचं ते सांगा."

यांना ते सांगता येईना. माझ्याकडे बघितलं. दुकानात शिरताना दार कुठं आहे हे विचारावं, तसं बघितलं.

"मधे पट्टी घालायची," मी म्हटलं. "अर्ध्यापासून खाली. शिवण उसवायची आणि पट्टी जोडायची. केशरी कापड हवं."

ज्ञानीजींची बायको घरात गेली आणि पगडीचं कोरं कापड घेऊन आली. "यांच्यासाठी घेतलेलं. घडीसुद्धा मोडलेली नाही. रंगात जरा फरक आहे, बघा चालतंय का."

"चालेल की," ज्ञानीजी म्हणाले. "मी जुनी बांधीन."

ट्रकवाल्यानं आणि त्याच्या भावानं आमचं हातमशीन उचलून आणलं. आवारात चादर अंथरली. मी यांच्या गळ्यातली टेप मागितली. ती देताना जरा घुटमळले, मग दिली. मी मापलं, दहा धरले, पुन्हा एकदा मोजून बघितलं, पट्टी कापली. मशीनपुढं बसायला गेले तर तिथं हे आधीच मांडी ठोकून बसलेले.

"सरक," म्हणाले. "तुझी शिवण वाकडी जाते."

"हो का! वर्षभर कुणाची शिवण चालली दुकानात?"

"म्हणून तर गुरुजी तक्रार करत होते."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, डोळे पुसता पुसता. यांनी सुईखाली कापड सरकवलं, उजव्या हातानं चाक फिरवलं. मी पलीकडे बसून कापड पुरवत राहिले. आकडे गेले होते यांचे, पण हात जागेवर होते. टाचणी नाही, खडूची रेघ नाही, तरी शिवण सरळ चालली. मी मनात म्हटलं, देवा, एवढं तरी ठेव यांच्याकडे.

चोला चढला. खालपर्यंत गेला. दोर ओढले, खांब हळूहळू उभा राहिला, जयकारा झाला. वर सगळं गडद केशरी, आणि अर्ध्यापासून खाली एक फिकट पट्टी. माहीत नसेल त्याला वाटावं, मुद्दामच घातलीय. आम्ही पंगतीत बसून जेवलो. यांनी दोनदा विचारलं, "चोला चढला ना?" मी दोन्ही वेळा सांगितलं, चढला.

टेप माझ्याकडेच राहिली होती. घरी आल्यावर मी ती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी माझी मूठ मिटली.

"मापं तू घे. शिवायचं काम माझं."

एवढंच. तोंड धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. हे माझ्याकडे पाठ करून मशीन पुसत होते. अंगात नेहमीचं निळं जाकीट. उजेडासाठी दारात बसून बसून उन्हानं ते पार राखाडी झालंय, मला वाटायचं सगळंच झालंय. पण मानेमागं, जिथं टेप असायची, तिथं तेवढीच पट्टी अजून नवी होती, शिवलं त्या दिवशी होती तेवढी निळी. मी कधी बघितलीच नव्हती. ती दिसायला टेप निघावी लागली.

दारात गिऱ्हाईक उभं होतं, सदऱ्याचं माप द्यायला. यांनी सवयीनं गळ्याकडे हात नेला, तिथं काही नव्हतं, हात खाली घेतला आणि पुन्हा मशीन पुसू लागले.

मी टेप गळ्यातून काढली, दहावर अंगठा दाबला आणि त्या माणसाला म्हटलं, "या, उजेडात उभे राहा."