दुप्पट पूड

द्राक्षाचे मणी फुगवायला जिबरेलिकची पूड लागते. दादाने यंदा ती दुप्पट घातली. शेजारच्या बागेतले मणी आपल्याहून मोठे दिसतात, एवढंच त्याचं शास्त्र.

मी म्हटलं, "पाकिटावर लिहिलंय तेवढीच घाल. देठ लाकडासारखे होतील, मणी गळतील."

"तू घड बुडव. डोकं मी चालवतो."

बुडवले. एकेक घड मगात बुडवायचा, बाहेर काढायचा, थेंब लटकू नयेत म्हणून वेलीची काडी झटकायची. चार दिवसांत मानेचा पार खुळखुळा झाला. फक्त पंपघराजवळच्या शेवटच्या ओळीच्या वेळी मी दादाच्या नकळत बादलीतल्या पुडीच्या पाण्यात तेवढंच साधं पाणी आणखी ओतलं.

तोडणीला व्यापारी आला. मणी टपोरे होते, दादा छाती काढून फिरत होता. व्यापाऱ्याने एक घड उचलला आणि अर्धे मणी त्याच्या बुटांवर गळून पडले. दादाने माझ्याकडे बोट केलं. "बुडवायचं काम हिचं. हिच्या हातालाच गुण नाही."

मी व्यापाऱ्याला सरळ शेवटच्या ओळीत नेलं. त्याने घड उचलला, हलवला, पुन्हा हलवला. एकही मणी सुटला नाही.

"एवढीच ओळ घेतो," तो म्हणाला.

दादा लगेच पुढे. "पुढच्या वर्षी सगळी बाग अशीच करतो बघा."

पंपघरातल्या खुंटीवरचा मग काढून मी त्याच्या हातात दिला.

"कर. घड तू बुडवायचे. पूड मी मोजणार."