सलामीविना

वेशीवर फ्लेक्स चढत असतानाच कर्नल रणधीरांचा फोन वाजला. 'वीर जवान बलभीम अमर रहे' या अक्षरांखाली गणवेशातला बलभीम होता आणि त्याच्या पायाशी हात जोडलेले सरपंच, म्हणजे स्वतः रणधीर. बलभीमच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याने खालच्या आवाजात सांगितलं, की गावाला वाटतंय तशी पोराला शत्रूची गोळी लागलेली नाही. पहाऱ्यावर त्याने स्वतःच जीव दिला. शव घेऊन एक सुभेदार येईल, मानवंदना मात्र मिळणार नाही.

रणधीरांनी असे फोन हयातभर केले होते. घेतला पहिल्यांदाच.

निवृत्त होऊन भूमजवळच्या या गावी परतल्यावर लोकांनी त्यांना सरपंच केलं, ते या माणसापाशी वशिला चालत नाही म्हणून. दिवाळीच्या सुमारास बलभीमची आई मथुराबाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. पोरगं फोनवर धड बोलत नाही, नुसतं रडतं, साहेबांनी वर एक शब्द टाकावा आणि रजा मिळवून द्यावी, एवढंच तिचं म्हणणं. फौजेत रजा नियमानंच मिळते, असं समजावून त्यांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. आपण नियमाला धरून वागलो याचं त्यांना त्या दिवशी बरंही वाटलं होतं.

अमरसिंह पक्षाचा तालुकाध्यक्ष. रणधीरांचं जिल्हा परिषदेचं तिकीट त्याच्याच हातात. तो वेशीवरच होता. रणधीरांकडून सगळं ऐकून त्याने फ्लेक्स बांधणाऱ्यांना लांब पाठवलं आणि म्हणाला, गावाला हे कळायची गरज काय? ट्रॅक्टर सजवलाय, शाळेचं मैदान झाडून घेतलंय, आमदार यायचेत. दोन दिवस गप्प राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?

"आई-बापाशी खोटं बोलणार नाही," रणधीर म्हणाले आणि चालत मथुराबाईच्या घरी गेले.

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. बलभीमचा बाप उत्तरेश्वर भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. मथुराबाईने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजी बंदुका वाजायच्या न्हाईत."

"नाही."

"रजेचं म्या बोलले व्हते तुमाला."

"व्हय," रणधीर म्हणाले. किती तरी वर्षांनी गावाकडचा हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला होता.

तिने पदराने तोंड पुसलं. "मग उद्या तुमी यावा. माजं लेकरू पळून आलं न्हवतं, नोकरीवरच व्हतं. फौजेतलं कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अमरसिंहाने फ्लेक्स उतरवले, आमदारांचा दौरा रद्द झाल्याचं कळवलं आणि साहेबांनीही अंत्यविधीला जाऊ नये असा निरोप धाडला. जाणार असाल तर तिकिटाचं विसरा, असंही त्यात होतं. पंचायतीच्या सदस्यांनी शाळेच्या मैदानाला कुलूप घातलं. असल्या मरणाला मैदान कशाला, स्मशान आहे की, असं ते म्हणाले. रणधीरांनी घरोघर जाऊन विनवलं. लोकांनी पाणी विचारलं, किल्ली दिली नाही.

सकाळी रुग्णवाहिका ओढ्याकाठच्या स्मशानात आली. पाच-पंचवीस माणसं जमली होती. खांदा द्यायला पुरेसं कुणी पुढे येईना, तेव्हा रणधीर आणि तो सुभेदार पुढे झाले. उत्तरेश्वरने अग्नी दिला. सुभेदाराला लांब जायचं होतं, त्याने हात जोडून निरोप घेतला. मागोमाग गावकरीही पांगले.

रणधीर पांढऱ्या सदऱ्यात सावधान उभे होते. पदकं त्यांनी लावली नव्हती. ऊन चढलं, घाम डोळ्यांत उतरला, पण त्यांनी हात हलवला नाही. लाकडं ढासळली, जाळ खाली बसला, तरी ते तसेच.

शेवटी चितेजवळ बसलेला उत्तरेश्वर उठला. त्यांच्या जवळ गेला. त्यांचा ताठलेला हात धरून, लहान मुलाला नेतात तसं, त्यांना लिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं.