दुसऱ्या जोडीचं पातं

गाडीवाल्याच्या अंगणात भांडण झालं ते सकाळी दहाच्या सुमाराला, आणि ऐकायला निम्मं गाव हजर होतं. घोडे भादरणाऱ्या दोघी जावांपैकी थोरलीचा आवाज मुळातच दणदणीत. त्या दिवशी तो मशीनच्या घरघरीवरून पार पलीकडच्या गल्लीत पोचला.

"काका, हाताला कापरं भरलं असेल तर तसं सांगायचं ना! मुक्या जनावराचे हाल कशाला करता?"

काका म्हणजे धारवाला. फाटकाशी स्टुलावर बसून, पायाने चाक फिरवत तो गाडीवाल्याचे गवत कापायचे कोयते घासत होता. त्याने चाकावरचा पाय काढला.

"सूनबाई, आधी मशीन बंद कर."

"मशीन बंद करून काय होणार? पात्यांची तुम्ही वाट लावली ती लावलीच की!"

"बंद कर म्हणतो ना."

थोरलीने बंद केलं नाही. तिच्या मागे गाडीवाल्याची तपकिरी घोडी पाय आपटत होती. डाव्या कुशीवर वीतभर लांबीचा लालभडक पट्टा उमटला होता. तिने लाथ झाडली तेव्हा लगाम धरून उभी असलेली धाकटी उडून चाऱ्याच्या घमेल्यात जाऊन बसली होती आणि अजून तिथेच होती.

"वहिनी बरोबर बोलतायत," गाडीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हाताऱ्याचं वय झालं. उद्यापासून माझी हत्यारं बाहेरगावी जातील."

धारवाल्याने उरलेले दोन कोयते घासून पुरे केले, चाक खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला.

त्या गावात ओझी घोडेच ओढायचे. लाकूड, दगड, दूध, सगळं घोडागाडीवर. थंडी पडायला लागली की घोड्यांच्या अंगावर जाड केस येतात. अशा घोड्याला चढावर गाडी ओढायला लावली की तो घामाने निथळतो, घाम केसांत मुरतो, लवकर वाळत नाही, आणि उभ्या जागी घोड्याला गारठा भरतो. म्हणून कामाचे घोडे भादरून घ्यावे लागतात. हे काम थोरलीच्या सासऱ्यांचं. ते गेल्यावर दोघी जावांनी उचललं. थोरली मशीन चालवायची, धाकटी लगाम धरून घोड्याच्या कानात अखंड बडबड करायची. घोडे गुंगून जातात ते तिच्या गप्पा ऐकून की कंटाळून, यावर गावात दोन मतं होती.

मशीनला दोन पाती लागतात. खालचं रुंद, फणीसारख्या दातांचं, ते घोड्याच्या अंगावर टेकतं. वरचं त्याच्यावर डावं-उजवं पळतं. धार लावताना ही दोन एकमेकांच्या अंगाला अंग लागेल अशी घासलेली असतात. एका जोडीचं खालचं आणि दुसऱ्या जोडीचं वरचं घातलं तरी ती बसतात, फिरतातही, पण नीट कापत नाहीत. मधल्या फटीत केस शिरतात आणि मशीन ते ओढायला लागतं.

त्या सकाळी मशीन ओढतच होतं. थोरलीने घोडीला पुन्हा खरारा केला. धूळ असेल म्हणून. तेल सोडलं. तरी तेच. मग तिने पाती दाबून धरणाऱ्या स्क्रूला हात घातला. सासऱ्यांनी शिकवलेलं साधं होतं: स्क्रू पूर्ण आवळायचा आणि दीड फेरा मागे घ्यायचा, मग मशीनच्या आवाजाकडे कान द्यायचा. तिने अर्धा फेरा आवळला. थोडं कापलं. आणखी अर्धा आवळला. आवाज जड झाला, गळ्यात घास अडकल्यासारखा. दर दहा मिनिटांनी पात्याला मनगटाची मागची बाजू लावून ते तापलंय का बघायचं असतं. गाडीवाला डोक्यावर उभा राहून "अजून दोन घोडे आहेत हं" म्हणत होता, म्हणून तिने तेही बघितलं नाही. तापलेलं पातं घोडीने बघितलं.

दुपारी घराच्या मागच्या पायरीवर बसून थोरलीने मशीन उघडलं. दात घासायच्या जुन्या ब्रशने पात्यांच्या दातांतले केस काढले, फडक्याने पाठ पुसली. धारवाला प्रत्येक पात्याच्या पाठीवर बारीक चरा मारतो. एका जोडीला एक, दुसरीला दोन. तिने खालचं पातं उन्हात धरलं. एक चरा. वरचं धरलं.

दोन.

तिने ती परत पुसली, जणू पुसून एखादा चरा जाणार होता.

आदल्या दिवशी तिने दोन्ही जोड्या रॉकेलच्या एकाच परातीत टाकल्या होत्या. सासरे एक जोडी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवल्याशिवाय दुसरीला हात लावत नसत. तिला वाटायचं म्हाताऱ्याचा सोवळेपणा. दोन वेळा रॉकेल कशाला घालवायचं?

मागे चाहूल लागली. धाकटी धुण्याची बादली घेऊन उभी होती. तिची नजर पात्यांवर होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मी काही बघितलं नाही बरं का."

आणि ती आत निघून गेली. धाकटीने तोंडावर चार शब्द सुनावले असते तर थोरलीने ते सोसले असते.

दुसऱ्या दिवशी तिने जोड्या नीट लावल्या. स्क्रू आवळून दीड फेरा मागे. मशीन भुंग्यासारखं एकसुरात गुणगुणायला लागलं. दूधवाल्याचा पांढरा घोडा असा भादरला गेला की अंगावर एक रेघ दिसेना. हात फिरवला तर मखमल.

"वा वहिनी!" गाडीवाला कुंपणावरून म्हणाला. "बाहेरून धार लावून आणलीत ना? बघा, कसा फरक पडतो!"

ती धार धारवाल्याचीच होती. त्यानंतर पात्यांना कुणी हात लावला नव्हता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. थोरलीने तेलाची बाटली उचलली आणि पात्यांवर थेंब सोडत बसली. धाकटी त्या दिवशी घोड्याच्या कानात काहीच बोलली नाही.

असे चार दिवस गेले. चार दिवसांत थोरलीचं बोलणं गावभर फिरून जाडजूड होऊन आलं. धारवाल्याच्या हाताला कापरं भरलंय. धारवाल्याला दिसत नाही. शिंप्याने कात्र्या दुसरीकडे पाठवल्या. न्हाव्याने सांगितलं, मला तर केव्हापासून शंका होती. फाटकाशी स्टूल रिकामं होतं. लोक थोरलीला वाटेत थांबवून म्हणत, बरं झालं, तू तोंड उघडलंस. तिने मान खाली घालून चालायची सवय लावून घेतली. विहिरीवर जायची वेळसुद्धा बदलली.

पाचव्या दिवशी ती धारवाल्याच्या दारात गेली. पदराखाली चारही पाती होती. म्हातारा खिडकीपाशी बसून सदऱ्याला बटण लावत होता. त्याने सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला.

"ये सूनबाई. बस."

ती बसली नाही. तिने पाती त्याच्यापुढे ठेवली. "काका, त्या दिवशी जोडी माझ्याकडून बदलली गेली. धार चांगली होती."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला... कधी कळलं?"

"तेव्हाच. फाटकाशी बसून आवाज येत होता की. बेजोड पाती वेगळी रडतात. त्यात तू स्क्रू पिळत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. मशीन बंद कर म्हणालो. दोनदा." त्याने दोरा दाताने तोडला. "घोडी भाजत होती. माझं काय, नंतर बघता आलं असतं."

थोरलीला वाटलं होतं, तो स्वतःची चामडी वाचवतोय. ती उंबऱ्यावर बसली.

"माझं चुकलं काका. माफ करा."

"हे मला इथे कशाला सांगतेस? इथे मी एकटा आहे, मला माहीतच आहे." आवाज चढला नव्हता. "कापरं भरलं म्हणालीस ते कुठे म्हणालीस?"

"अंगणात."

"हं," तो म्हणाला आणि त्याने दुसरं बटण उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अंगणात गाडीवाले जमलेले असताना थोरलीने मशीन खाली ठेवलं. सगळं सांगितलं. परात, चरे, स्क्रू, आणि चार दिवसांचं गप्प बसणंही. सांगताना तिचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कोण जाणे, मागच्यांनी "काय? काय म्हणतेय?" विचारलं आणि तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

गाडीवाला हसला. "जाऊ द्या हो वहिनी. म्हाताऱ्याची दया आली तुम्हाला, कळतं आम्हाला. पण तो संपलाय."

"मन मोठं बाईचं," दूधवाला म्हणाला.

थोरली बघतच राहिली. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी एका दमात मानलं होतं.

"दया नाही!" धाकटी पुढे आली. "मी स्वतः बघितलं. मीही गप्प बसले. आणा इकडे ते कातडं!"

घोड्यांच्या मानपट्ट्याखाली घालायचं एक जुनं लोकरीचं कातडं खुंटीला होतं. धाकटीने ते दोन्ही हातांनी ताणून धरलं. थोरलीने एका चऱ्याचं खालचं, दोन चऱ्यांचं वरचं पातं घातलं. मशीन कुरकुरलं, लोकर चावून अडकलं. तिने स्क्रू आवळला, परत आवळला, मग मशीन बंद करून पातं गाडीवाल्याच्या पालथ्या हाताला टेकवलं.

"आई गं!" त्याने हात झटकला.

"घोडीला असंच झालं," थोरली म्हणाली.

मग तिने वरचं पातं काढून जोडीचं घातलं. पूर्ण आवळून दीड फेरा मागे. मशीन गुणगुणत कातड्यावरून गेलं आणि लोकर चादर उलगडावी तशी बाजूला पडली.

"ही धार कुणाची?" तिने विचारलं. आता आवाज मागपर्यंत गेला. "त्यांचीच. त्यांच्यानंतर कुणी हात लावला नाही."

दूधवाल्याला एकदम दुधाची आठवण झाली. गाडीवाला हाताची पाठ चोळत आत गेला आणि बोथट कुऱ्हाड घेऊन आला.

"ही नेऊन द्या त्याला," थोरलीकडे न बघता तो म्हणाला. "धार लावून ठेव म्हणावं."

थोरली कुऱ्हाड घेऊन भर रस्त्याने गेली. शिंप्याच्या दुकानातून माना वळल्या. अर्ध्या तासाने ती कुऱ्हाड घेऊन तशीच परत आली. गाडीवाल्याने धारेवरून अंगठा फिरवला.

"लावली नाही?"

"नाही. तुम्ही स्वतः घेऊन या म्हणाले. आणि धार खराब नव्हती हेही, अंगणात बोललात तसं, मोठ्याने सांगा म्हणाले."

"असं? मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बरोबर आहे."

गाडीवाला कुऱ्हाडीकडे बघत राहिला. कोपऱ्यातली तपकिरी घोडी मशीन दिसताच भिंतीला सरकली होती, धाकटी तिला लांबूनच काहीतरी सांगत होती. मग त्याने खाटेखालून पायाने चपला ओढल्या आणि एकेक करून घातल्या.