बाबांची मंडळी

परदेशातून माणूस येतो तो आधी नुसत्या अंगानं. झोप बिचारी दोन-चार दिवसांनी मागून येते. नीरजा पहाटे टोरोंटोहून भिवंडीत घरी पोचली, बाबांनी केलेला उपमा कसाबसा अर्धा खाल्ला आणि जी आडवी झाली ती दुपार कलल्यावर उठली. कुठल्या देशात उठलो हेच आधी कळेना. घरात चिटपाखरू नव्हतं. मग अर्धवट झोपेत ऐकलेलं बाबांचं जातानाचं बोलणं आठवलं. "तू झोप निवांत. मी जरा मंडळींत जाऊन येतो. आज गेलो नाही तर रागावतील."

लेक दोन वर्षांनी आली तरी या माणसाला पत्त्यांचा डाव सुटत नाही! तिला राग यायला हवा होता, पण हायसंच वाटलं. ती आली होती तेच बघायला. आई गेल्यापासून बाबा, म्हणजे शाळेत क्लार्क म्हणून निवृत्त झालेले श्रीनाथराव, भिवंडीतल्या टेमघरच्या या घरात एकटेच होते. ते खरंच मजेत आहेत हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की टोरोंटोतच कायमचं राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळून परत यायचं, असं ती ठरवून आली होती. रोज सकाळी तिकडे चहा पिताना ती फोन करायची. इथे तेव्हा संध्याकाळ असायची आणि बाबांच्या मागून केवढा गलका ऐकू यायचा. "मंडळी जमलीत पत्ते कुटायला," ते म्हणायचे. त्या गलक्याच्या जिवावर ती तिकडचे दिवस काढत होती.

रिकामं घर खायला उठलं तशी ती बाहेर पडली. डोकं जड, पाय दुसऱ्याचेच. गल्लीत लूमची खटखट चालू होती, तेवढीच काय ती ओळखीची. रिक्षावाल्याशी ती मराठीत बोलली, तो हिंदीत बोलला, आणि शेवटी तीही हिंदीवर आली. नाक्यावर उतरली तर कापडाचे तागे लादलेले टेम्पो, हातगाड्या, हॉर्न, धूळ. आई जिथून ब्लाऊजपीस घ्यायची त्या दुकानात आता मोबाइल मिळत होते. एवढ्या गर्दीत 'कधी आलीस गं?' विचारणारं एक तोंड नव्हतं. आपल्याच गावात आपण पाहुणे झालो, या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीचं निमित्त करून तिनं ते पुसलं.

फिरत फिरत ती एसटी स्टँडवर आली. तिच्या अंगाला अजून सकाळच वाटत होती, म्हणून टपरीवर चहा घेतला. आणि हातात चहा आला की होतं तेच झालं. सवयीनं बोटांनी बाबांचा नंबर लावला. आपल्याच खुळेपणाचं तिला हसू आलं.

समोरच्या बाकावर पांढऱ्या शर्टातल्या एका म्हाताऱ्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला. ते बाबा होते. फोन उचलायच्या आधी ते उठले आणि जिथे सुरू झालेली गाडी घरघरत होती, कंडक्टर ओरडत होता, तिथे जाऊन उभे राहिले.

"उठलीस का? अगं, मंडळी सोडतच नाहीत बघ!"

"वज्रेश्वरी, वज्रेश्वरी!" ही हाक तिला फोनमधूनही आली आणि समोरूनही. दोन वर्षं ऐकलेला गलका हाच होता.

"बाबा, मंडळींपैकी कुणाला तरी द्या ना फोन," ती कशीबशी म्हणाली.

ते गडबडले. बाकावर शेजारी बसलेल्या, डोक्याला फडकं गुंडाळलेल्या माणसाकडे परतले, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि फोन त्याच्या हातात दिला.

"हालो. मी जान्या."

"तुम्ही बाबांचे मित्र ना?"

"मी गाडीची वाट बघतोय. कामावरून सुटलो का रोज हितंच येतो. तुजा बा बी रोज हितंच. गाड्या येतात, जातात, ह्यो काय जात न्हाय. कुनाशी बोलत बी न्हाय. तुजा फोन आला का तेवढाच हसतो." समोर बाबा 'पुरे, पुरे' म्हणून हात हलवत होते. जान्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "तू कवा येशील गं पोरी?"

गाशा गुंडाळायचा, हे तिथंच ठरलं.

"आलेय काका," नीरजा म्हणाली. "जरा सरकून बसा. मलाही जागा करा."

चहा तसाच ठेवून ती निघाली. श्रीनाथरावांनी फोन हिसकून घेतला. तो बंद झालेला.

"काय म्हणाली?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"म्हनते, सरका जरा."

त्यांना काहीच कळलं नाही. तरी स्टँडवरच्या सवयीनं ते सरकले, आणि शेजारी जागा झाली.