सकाळचा डोस

घरोघरी जाऊन इन्सुलिन देणाऱ्या नर्सेससाठी मी अ‍ॅप बनवलं होतं. यादीतल्या पेशंटच्या नावावर बोट ठेवलं की त्याची माहिती पुढच्या स्क्रीनवर जायची. त्यासाठी पेशंटची माहिती कोडमध्ये 'पार्सलेबल' करावी लागते, म्हणजे पार्सलसारखी बांधून पाठवायची आणि ज्या क्रमाने भरली, त्याच क्रमाने बाहेर काढायची.

सकाळी ताईचा फोन आला. तीही त्यातलीच एक नर्स.

"अरे, यादीत सकाळचे आठ युनिट, मग आत चोवीस कसे?"

काल कोड लिहिताना मी सकाळचा डोस आधी भरला होता आणि बाहेर काढताना संध्याकाळचा आधी काढला होता, म्हणून दोन्हींची अदलाबदल झाली होती. दोन्ही नुसते आकडे, त्यामुळे अ‍ॅपने हूं की चूं केलं नाही.

"ताई, कुणालाही टोचू नकोस!" म्हणत मी बाकीच्या चौघी नर्सना फोन लावत सुटलो. तिघी वाटेतच होत्या. चौथीने सातव्यांदा लावल्यावर फोन उचलला.

"एका आजोबांना इन्सुलिन देऊन जिना उतरतेय."

"परत वर जा! साखर द्या, अँब्युलन्स बोलवा!"

ती धावली. फोन कानाला लावून मी जमिनीवर बसलो. पलीकडून ग्लासात चमचा ढवळल्याचा आवाज येत होता.

दुपारी नर्सकडून माझा नंबर घेऊन त्या आजोबांच्या बायकोचा, आजींचा, हॉस्पिटलमधून फोन आला. आजोबा शुद्धीवर होते.

"तुम्ही कळवलंत म्हणून वाचले हो."

"आजी, चूक माझीच होती."

त्या हळूच म्हणाल्या, "मग आता कोणता आकडा खरा मानू मी?"