कंपाउंडरबाईंचं बसलेलं गाढव

मी एक जुनं गाढव आहे. हसलात ना? हसा, हसा. माझी ओळख ऐकून सगळेच हसतात, मला त्याची सवय झाली आहे. पण मित्रांनो, मी हाडामांसाचं गाढव नाही. एका चौकोनी खाकी कागदाला कात्री न लावता, डिंकाचा थेंबही न वापरता, नुसत्या घड्या घालून मला घडवलं आहे. माझे चारही पाय पोटाखाली मुडपलेले आहेत आणि मान जराशी मागे वळलेली आहे. म्हणजे मी बसलेलं गाढव आहे. कोणी कितीही डिवचलं तरी मी उठणार नाही, असं माझ्या तोंडावरच लिहिलेलं आहे.

मला घडवलं एका कंपाउंडरबाईंनी. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, एका लहानशा खिडकीमागे त्या औषधं द्यायच्या. तेव्हा पुष्कळशी औषधं पुड्यांतून दिली जात. गोळ्या खलात कुटायच्या, भुकटीचे सारखे भाग करायचे आणि एकेक भाग कागदाच्या चौकोनात बांधायचा. बाईंच्या पुडीतून औषधाचा कणही सांडत नसे. त्यांना हे काम शिकवलं होतं त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं. तो बोलायला मोठा कंजूष होता. त्यानं पहिल्या दिवशी एक बांधलेली पुडी टेबलावर टाकली आणि म्हणाला, "उघडून बघ. आता मिटून दाखव." झालं शिक्षण! बाईंनी तोच नियम आयुष्यभर पाळला. त्यांचं म्हणणं असं, की घडी तोंडानं सांगता येत नाही आणि चित्र काढूनही नीट कळत नाही. मिटलेली वस्तू हलक्या हातानं उघडावी, कागदावरच्या रेघा बघाव्यात आणि त्याच वाटेनं परत मिटावी.

दुपारी गर्दी ओसरली की उरलेल्या चौकोनांतून त्या काहीबाही करायच्या. बेडूक, गोगलगाय, अंड्यावर बसलेली कोंबडी. सगळं स्वतःच्या मनानं. कोणीतरी त्यांना घड्यांचं पुस्तक आणून दिलं, तर म्हणाल्या, "पुस्तकात बघून करायचं तर मग मी लोणचंच घालते की!"

डॉक्टरांना त्यांचं कौतुक होतं. एकदा ते म्हणाले, "बाई, एखादा मोठा पक्षी करा ना. छान पंख पसरलेला. आपण बाहेर टांगू."

"पक्ष्यातलं मला काय कळतं, डॉक्टर?" बाई म्हणाल्या. "मला कळतं ते एवढंच, की दिवसभर उभं राहून पायाचे तुकडे पडले की बसावंसं वाटतं. मी गाढव करणार. आणि ते बसलेलं करणार."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत. पण त्या खिडकीचा कट्टा इतका उंच होता, की स्टुलावर बसलं तर समोरचा पेशंट दिसायचा नाही. म्हणून त्या खिडकीमागे स्टूलच नव्हतं. सकाळी आठ ते दोन आणि पुन्हा पाच ते नऊ, बाई उभ्याच. संध्याकाळी त्यांच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायचे. त्याबद्दल त्या कधी कोणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी मला केलं.

पण मी काही सहजासहजी झालो नाही. औषधांच्या खोक्यांवरचा खाकी कागद त्या घरी न्यायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बसायच्या. पाय मुडपले की पोट फुगायचं, पोट दाबलं की मान लुळी पडायची. कित्येक महिने हेच चाललं होतं. शेवटी एका रविवारी दुपारी त्या नवऱ्याशी भांडत होत्या. मोरीतला नळ आठ दिवस गळत होता आणि त्यांचा नवरा रोज उद्या, उद्या करत होता. तोंड भांडत होतं आणि हात आपले कागदावर चालले होते. भांडण ऐन रंगात असताना हातांनी मधेच कुठली तरी एक घडी घातली, पोट आत गेलं आणि मी टेबलावर बसलो. बाई गप्पच झाल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बसलं."

"कोण बसलं?"

"गाढव."

"मी तर उभाच आहे," त्यांचा नवरा म्हणाला. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मित्रांनो, तो माझा जन्म. त्यानंतर बाईंनी मला पुन्हा करायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा गाढव कुशीवर कलंडलं. ती मधली घडी हातांनी आपली आपण घातली होती, बाईंना ती आठवेना. "काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पोटात आहेच की. उघडलं की कळेल."

पण मला उघडणार कधी? मी दवाखान्याच्या खिडकीत बसलो आणि माझा भाव वधारला. तापानं फणफणलेली माणसंसुद्धा मला बघून हसायची. एक हमाल रोज गुडघ्याचं औषध न्यायला यायचा, तो मला म्हणायचा, "तुझं बरंय बाबा!" बाईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. बेडूक बघून लोक 'वा' म्हणत, पण मला बघून त्यांना स्वतःचे पाय आठवत.

बाईंना मूल नव्हतं. बहिणीची मुलगी सुट्टीत यायची आणि दुपारी दवाखान्यातही येऊन बसायची. कागद नेहमी दोन बोटांच्या चिमटीत धरायची, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं होतं. बाईंनी तिला एकेक प्राणी द्यावा, तिनं तो उघडावा, रेघांवरून बोट फिरवावं आणि परत मिटावा. बेडूक झाला, गोगलगाय झाली, कोंबडीला मात्र दोन सुट्ट्या लागल्या. राहिलो मी.

"गाढव कधी गं, मावशी?"

"पुढच्या खेपेला. दोघी मिळून उघडू. ती मधली घडी मलाही बघायचीय."

एका खेपेला घरात पाहुणे होते, एकदा बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि एकदा तर काहीच कारण नव्हतं. त्या मला हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे गं आज. किती शहाण्यासारखं बसलंय." चिमटी मोठी झाली, लांबच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागली, तरी मी मिटलेलाच. आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं. उघडलेला कागद पुन्हा पहिल्यासारखा कडक होत नाही, हे मी बेडकाच्या बाबतीत पाहिलं होतं. मला सुरकुतलेलं गाढव व्हायचं नव्हतं. प्रत्येक वेळी बेत पुढे ढकलला गेला, की मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचो. आज त्याची मला फार लाज वाटते.

बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्याबरोबर घरी आलो. मग एकदा चिमटीचा फोन आला. "मावशी, पुढच्या महिन्यात आठ दिवसांची रजा टाकलीय. या वेळी गाढवाला सोडत नाही." बाई म्हणाल्या, "ये. आता मीही थांबत नाही." त्यांनी माझ्याच मापाचे खाकी कागद कापून गादीखाली सपाट करायला ठेवले.

त्यानंतर आठवडाभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

आता बाईंच्या नवऱ्याबद्दल सांगतो. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचा धंदा फर्निचरला पॉलिश मारायचा. जुनं, तडकलेलं टेबल त्यांच्या हाताखालून गेलं की त्यात तोंड दिसायचं. बायकोच्या कागदांतलं त्यांना काही कळत नसे. बिघडेल या भीतीनं ते त्यांना कधी हातही लावत नसत. बाई अंथरुणाला खिळल्यावर मात्र त्या माणसानं काही म्हणजे काही कमी केलं नाही. भरवायचं, पुसायचं, वेणी घालायची, सगळं ते करायचे. वेणी वाकडी व्हायची आणि ते स्वतःवरच चिडायचे.

त्या दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की भिंतीच्या ओलीनं माझा एक पाय वर उचलला जातोय. ते घाबरले. हिच्या हातचं हे एवढंच चांगलं उरलंय, आणि तेही चाललं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मला रुमालात गुंडाळून कारखान्यात नेलं. जेवणाच्या टेबलावर मारतात ते कडक पॉलिश काढलं, ज्याच्यावर गरम पातेलं ठेवलं तरी डाग पडत नाही. पहिला हात त्यांनी चांगला पातळ केला, म्हणजे आतपर्यंत मुरेल. बारीक ब्रशनं प्रत्येक सांधीत, प्रत्येक घडीच्या ओठात त्यांनी तो भरला. मग सुकवलं, घासलं, दुसरा हात, पुन्हा घासलं, तिसरा हात. चाळीस वर्षांचं सगळं कसब त्यांनी माझ्यावर ओतलं. माझ्या घड्या एकमेकींना चिकटत गेल्या. आणि मी? मी खूश होतो! मी चकाकत होतो. आता मला कोणी सुरकुतवणार नाही, असं मला वाटलं.

काकांनी मला बाईंच्या पलंगापाशी आणलं. "बघ," ते म्हणाले, "आता ओल नाही, वाळवी नाही. आपल्या दोघांच्या मागेही राहील हे."

बाईंनी डावा हात पुढे केला आणि अंगठ्याच्या नखानं माझ्या पोटाखाली चाचपलं. त्या घडीची कड शोधत होत्या. नख टकटक वाजलं, लाकडावर वाजतं तसं. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. काकांना वाटलं, आनंद झाला. झटक्यानंतर तिचा पहिला आवाज निघाला म्हणून ते ढसाढसा रडले. तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की माझं काय होऊन बसलं आहे.

ठरल्याप्रमाणे चिमटी आली. तिनं मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, हे काय केलंत?"

"का? छान झालंय ना?"

"अहो, हे उघडायचं होतं. ह्याच्या आतली घडी कोणालाच येत नाही. मावशीलासुद्धा आठवत नव्हती. उघडूनच बघणार होतो आम्ही."

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मला वाटायचं, अशा वस्तू ठेवायच्या असतात. मला कोणी सांगितलं का नाही गं?"

खरंच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात, इतक्या वर्षांत, ते कोणाला सुचलंच नव्हतं.

"मी मारलंय, मीच काढतो," म्हणून काका उठले. थिनरमध्ये कापूस बुडवून त्यांनी माझ्या डाव्या कानापासून सुरुवात केली. वरचा थर निघाला. आत मुरलेला निघेना. चिमटीनं नखानं घडी सोडवायला घेतली, तर कानाचा लगदा होऊन तिच्या बोटाला चिकटला. पलंगावरून बाईंनी डाव्या हातानं लोखंडी कठड्यावर जोरजोरात थापा मारल्या. दोघं थांबली. काकांना तर हे आधीच ठाऊक होतं. "आत मुरलेलं सागवानातूनसुद्धा निघत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

राहिलेले सगळे दिवस चिमटी गादीखालचे ते कागद घेऊन बाईंसमोर बसली. हात चिमटीचे आणि डोळे बाईंचे. पहिल्या अकरा घड्या बरोबर जमल्या. पुढे बाई डावा हात उचलून हवेत काहीतरी वळवून दाखवायच्या. चिमटी विचारायची, "अशी? आतून? की खालून वर?" बाई मान हलवायच्या. नाही. पुन्हा नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं, फक्त चुकलेलं ओळखता येत होतं. शेवटच्या दिवशी बाईंनी कागद हातानं ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. चिमटीनं विखुरलेले कागद गोळा केले आणि ती गाडी गाठायला निघून गेली.

बाई पुढे दहा महिने जगल्या. काकांवर त्या कधी रागावलेल्या दिसल्या नाहीत. त्यांचा हात त्या डाव्या हातात धरून ठेवायच्या. पण माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. चिमटीनंही घड्या घालणं सोडलं. छापखान्यात कोणी तिच्याकडे लेकीसाठी बेडूक मागितला, तेव्हा तिनं "मला नाही येत" म्हणून सांगितलं. हे तिनंच काकांना फोनवर सांगितलं, आणि काका "बरं, बरं" म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्यापाशी एकच मागणं मागतात, की आम्हाला जपा. मला तसं म्हणायला तोंड नाही. मला फार जपलं. तुमच्या घरात कोणाच्या हातात असं काही असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांनी केलेली वस्तू मागा, उघडा, चुरगळली तर चुरगळू द्या, फाटली तर फाटू द्या. 'पुढच्या खेपेला' म्हणाले तर ऐकू नका. आणि घरात जो कोणी लांबून बघत उभा असेल, त्यालाही शेजारी बसवून घ्या. माझं आता काही होण्यासारखं नाही.

काका दर रविवारी मऊ फडकं घेऊन मला पुसतात. त्यांना आता नीट दिसत नाही. ते मला अगदी डोळ्यांपाशी धरतात आणि विचारतात, "सांग की रे, कशी घातली होती तिनं?" मला ती घडी माहीत आहे. माझ्या पोटात ती जशीच्या तशी आहे. काका थोडा वेळ वाट बघतात आणि मग मला जागेवर ठेवून देतात.