हळदीच्या डागापर्यंत

बेडश्याच्या धोंडिबानं बारा वर्षांत आभाळ पाहिलं नव्हतं. पाठ धनुकलीसारखी वाकून हनुवटी छातीला टेकलेली. गाव तो पायांवरून ओळखायचा. भेगांवरून माणूस, जोडव्यांवरून बाई.

त्या दिवशी बिनछपराच्या गोठ्यात शेणावरून पाय सरकला नि धोंडिबा गव्हाणीवर उताणा आदळला. डोळे उघडले तर काय, वर निळंभोर आभाळ! मान वर झालेली!

"देव पावला!" शेजारचा नथू ओरडला. "मान झाली सरळ, आता गुडघा लावून कंबरबी करतो!"

नारळ आले, गुलाल आला. धोंडिबाही हरखला. "नथ्या, लय म्हातारा झालास की रं!" मग हळूच म्हणाला, "मानंत जाळ झालाय. पायाला मुंग्या आल्यात."

बायको भामाबाईनं नथूचा गुडघा ढकलून दिला. "हात लावशील तर दावं घालीन पाठीत! झोळी बांदा."

घोंगडीची झोळी करून चौघांनी कामशेत गाठलं, तिथून ट्रकनं वडगाव. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला नि कपाळ धरलं.

"चमत्कार कसला! मान मोडलीय. ह्यांचे मणके एकमेकांना चिकटून पाठीचा बांबू झालाय. बांबू वाकत नाही, मोडतो. पहिल्यासारखं वाकवून ठेवायला हवं, नाहीतर पाय जातील. किती वाकलेले होते?"

"हितपातुर," नथूनं स्वतः वाकून दाखवलं. दुसरा म्हणाला, "एवडं न्हाई." झोळीवाल्या चौघांनी चार तऱ्हांनी वाकून दाखवलं. दवाखान्यात जणू कवायतच सुरू झाली.

"गप ऱ्हावा!" भामाबाई पुढं आली. धोंडिबाच्या सदऱ्यावर दुसऱ्या गुंडीपाशी पिवळा डाग होता. "डागदरसायेब, जेवताना ह्यांच्या हनुवटीवरनं आमटी हितंच गळती. बारा वर्सं धुतीया, जात न्हाई. हनुवटी ह्या डागावर आणा."

डॉक्टर हसले नाहीत. डोकं दोन्ही हातांत धरून, तसूतसूनं, त्यांनी हनुवटी डागावर आणली. उशा खोचल्या, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या.

"मुंग्या?"

"कमी झाल्यात."

"अंगठा हलवा."

भामाबाईनं पदर तोंडात धरला. धोंडिबाची नजर आता पुन्हा खाली, थेट स्वतःच्या पायांवर. अंगठा थरथरला. मग चांगला हलला.

भामाबाईनं तोंडातला पदर सोडला. पण धोंडिबाची नजर अंगठ्यापलीकडं गेली होती. समोरच्या बाकड्यावर नथू उकिडवा बसला होता.

"नथ्या," धोंडिबा गुरगुरला, "माज्या नव्या वहाणा तुज्या पायात कशा रं?"